घरी इंजिन खोललं म्हणून काय बिघडलं? मोजायला जागा द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात बातमी आली की खेड्यापाड्यात लोकं घरोघरी ट्रकची इंजिनं खोलून बसलेत, कुणी डिझेलचा पंप वाढवतंय कुणी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) बसवतंय, ह्या गाड्या म्हणजे रस्त्यावरचे सापळे आहेत, सगळ्यांवर कारवाई करा. वाचून राग आला आणि खरं सांगायचं तर निम्मी बातमी पटली पण. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं असलं तर कापा पण आयटीआयचा मुद्दा तेवढा कापू नका ही विनंती.

मी एसटीत मेकॅनिक होतो, आता रिटायर आहे, अंबाजोगाई तालुक्यात शेती बघतो. माझ्या एका दोस्ताची सोळा तेरा म्हणजे टाटाचा ट्रक आहे, २००९ ची, त्याच गाडीचं इंजिन आम्ही दोघांनी मिळून त्याच्या शेतातल्या आखाड्यावर खोललं, बांधलं आणि चालू केलं. तुमच्या बातमीच्या हिशोबानं आम्ही पण सापळेवालेच.

आधी हे बघा की माणूस घरी का करतो. एका गाडीचा मालक आहे तो, स्वतःच ड्रायव्हर, सीझनला कारखान्याचा ऊस, नंतर सोयाबीन, तूर, हरभरा लातूरच्या मार्केटला, मधी काही नसलं तर विटा वाळू जे मिळंल ते. नवी गाडी घ्यायची म्हणजे वीस लाखाच्या पुढं आकडा आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता, मग पाऊस पडो नाहीतर न पडो. शोरूमला फुल इंजिन काम टाकलं तर बिल तर येतंच पण गाडी उभी राहते त्याचा हिशोब कुणी धरत नाही. म्हणून साखर कारखाना बंद झाला की मे महिन्यात तो निंबाच्या सावलीत इंजिन काढतो. ह्यात हौस नाही ओ.

आता सोळा तेरा म्हणजे काय ते गाडीवाल्याला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, सोळा म्हणजे सोळा टनाचा वर्ग आणि तेरा म्हणजे एकशे तीस हॉर्सपॉवर, टाटाची नावं ठेवायची पद्धतच तशी होती. इंजिन ६९७, म्हणजे सहा सिलेंडर आणि ९७ एमएमचा बोअर (सिलेंडरची आतली रुंदी), एकूण ५६७५ सीसी. टाटाचा मर्सिडीजबरोबर १९५४ ला करार झाला होता तो १९६९ ला संपला, पण त्या घराण्याचं रक्त ह्या इंजिनात अजून आहे असं आमचे जुने फोरमन म्हणायचे आणि मला ते पटतं. साधं, सरळ, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ज्याला हाताला वळण आहे त्यानं हे इंजिन घरी बांधायला काही हरकत नाही असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

गाडीचं दुखणं नेहमीचंच. सकाळी निळा धूर, ऑइल कमी व्हायलंय, धारूरच्या घाटात भरलेली गाडी दुसऱ्यावर पण रडायलीय. ऑइल भरायचं झाकण चालू गाडीत उघडलं तर भक भक धूर, ज्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, लायनर (पिस्टन ज्यात वर खाली होतो ती नळी) घासले, जळता गॅस पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरमधी यायलाय. हे कुठल्याही शिकाऊ पोराला कळतं. पण दोस्ताला गावात, धाब्यावर, पेट्रोल पंपावर ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला, "पंप वाढव गड्या, बघ कशी पळती". आणि हा माणूस माझ्याकडं आला तेव्हा यादीच घेऊन आला होता, पंप वाढवायचा, मोठे नोझल (डिझेल फवारणारी तोंडं) टाकायचे, मोठा टर्बो बसवायचा, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) कुठूनतरी जुना आणायचा. म्हणला, "इंजिन खोलायलोच आहोत तर अपग्रेडच करून टाकू."

इथं तुमच्या बातमीची निम्मी बाजू खरी आहे. पंप वाढवणं हा आपल्याकडचा रोग झालाय. त्या मायकोच्या पंपाला (कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं पण मिस्त्री लोकांच्या तोंडी मायकोच राहिलं) जास्तीत जास्त डिझेल किती जाईल त्याचा स्क्रू असतो, त्याला कंपनी सील मारून देते. सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा, चार पैसे घ्यायचे, झालं काम. गाडी पहिल्या दिवशी पळते पण, हे खोटं नाही. पण डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली तर जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही, ते काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातं, तुमच्याच खिशातलं डिझेल असतंय ते, आणि आत उष्णता इतकी वाढते की पिस्टनचं टाळकं कडा धरून वितळायला लागतं. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं हे शाळेच्या पुस्तकात आहे, पिस्टन त्याचाच मिश्रधातू, आणि घाटात भरल्या गाडीला ओढताना बाहेर पडणारा गॅस त्याच्याहून गरम होऊ शकतो. पिस्टन टिकतो तो फक्त खालून ऑइल आणि बाजूनं पाणी त्याची उष्णता काढून नेतंय म्हणून. माझ्या नोकरीत मी असे पिस्टन बघितलेत की वरून मेणबत्तीवानी ओघळलेले. धुराचा रंग लोकांनी तेवढा शिकून घ्यावा, काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा असला तर टायमिंग नाहीतर नोझल नाहीतर पाणी आत चाललंय. एवढं कळलं तरी निम्मे लोकं पंपाच्या स्क्रूला हात लावायचे नाहीत.

तर दोस्ताला म्हणलं, हे बघ, तुझ्या गाडीला कंपनीनं एकशे तीसची पॉवर दिलती, ती आज नव्वद पण नसंल. आधी ती परत आणू, तेवढंच अपग्रेड तुला लई होतंय. तो दोन दिवस रुसला. मग त्याच्या बायकोनं विचारलं की मोठ्या टर्बोला किती पैसे लागतात, आकडा ऐकला आणि तो विषय तिथंच मिटला. वहिनींचे उपकार.

मग ठरलं ते असं की लायनर पिस्टन रिंग नवे, सगळे बेरिंग नवे, हेडचं (सिलेंडरच्या वरच्या झाकणाचं) काम, टर्बो खोलून त्याचा किट बदलायचा, पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणायचे आणि वरून नवं सील मारून घ्यायचं, आणि जिथं खरंच सुधारणा करता येते तिथं करायची. रेडिएटरला नवा जास्त जाडीचा कोर, एअर फिल्टरच्या आधी धूळ गाळायचं भांडं, आणि डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं आणि पाण्याच्या टेम्परेचरचं खरं काट्याचं मीटर. गाडीचं जुनं मीटर कधीच मेलं होतं, ते तसंच ठेवून गाडी चालवणारे आपल्याकडं शेकड्यानी आहेत. माझं तर म्हणणं आहे पैसे थोडेच असतील तर टर्बो सोडा, आधी हे दोन मीटर चालू करा.

आखाड्यावर काम करायचं तर सगळ्यात मोठा शत्रू धूळ. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी कसं वारं सुटतं ते माहितीच आहे, काळ्या रानाची माती पिठासारखी उडते. म्हणून पहाटे उठून पाणी मारायचं, ताडपत्री अंथरायची, तीन बाजूनी जुन्या साड्या बांधायच्या आणि दहा साडेदहाला वारं सुटलं की खोललेलं सगळं झाकून बंद, परत संध्याकाळी. बोल्ट धुवायला घरातली परात घेतली त्यावरून जे झालं ते लिहीत नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या ज्याच्या त्यालाच बसतात, एकाची दुसऱ्याला लागत नाही, कारण रॉड आणि टोपी एकत्र बोअर केलेली असते, म्हणून प्रत्येकावर नंबर बघून जोडी जोडीनं बाजेवर मांडलेल्या. बारक्या वस्तू बिस्किटाच्या पुड्याच्या डब्यात आणि डब्यावर चिकटपट्टी लावून पेननं नाव. हे सगळं शिस्तीचं काम आहे, ह्याला वर्कशॉप लागत नाही, घरी बी होतं.

पण आता पुढचं वाचा, हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. क्रँक काढला, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. तालुक्याला एका लेथवाल्याला दाखवला, त्यानं जर्नलवरून (बेरिंग बसतं त्या गोल जागेवरून) अंगठा फिरवला, नख लावून बघितलं आणि म्हणला फर्स्ट क्लास आहे, स्टँडर्ड बेरिंग टाका. मी म्हणलं मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लाव. तर त्याच्याकडं मायक्रोमीटर होता पण तो झिरोलाच खरा नव्हता, पडलेला असणार कधीतरी. दुसऱ्याकडं गेलो, त्याच्याकडं होता तो पंचवीस एमएमपर्यंतचा, आता ह्या क्रँकला तो काय मोजणार? शेवटी ओळखीनं एका आयटीआयच्या सरांना धरलं. त्यांच्या लॅबमधी काचेच्या कपाटात लाकडी पेटीत मायक्रोमीटरचा अख्खा सेट, बोअर डायल गेज, टॉर्क पाना (ठरवलेला जोर लागला की क्लिक वाजवणारा), सगळं नवंकोरं. सरांनी सुट्टीच्या दिवशी येऊन मोजून दिलं, चहासुद्धा घेतला नाही. प्रत्येक जर्नल दोन जागी आणि प्रत्येक जागी आडवं उभं असं दोन बाजूनी मोजायचं असतं, तर तीन नंबरच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉड बसतो त्या जर्नलला) आडव्या आणि उभ्या मापात आठ शंभरांश एमएमचा फरक निघाला, म्हणजे जर्नल गोल राहिलाच नव्हता, अंडाकृती झाला होता. नखाला हे कळत नाही, कळणारच नाही. त्याच्यावर स्टँडर्ड बेरिंग टाकलं असतं तर ऑइलची फिल्म तुटून बेरिंग फिरलं असतं, रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला असता, आणि मग तुमच्या पेपरात बातमी आली असती की घरी बांधलेल्या इंजिनाचा स्फोट.

क्रँक लातूरला नेऊन दहाचा ग्राइंड करून आणला, म्हणजे पाव एमएम, आपल्याकडं इंचाच्या हजाराव्या भागात बोलायची पद्धत आहे, दहा वीस तीस, आणि त्याच मापाचे अंडरसाईज बेरिंग आणले. आणल्यावर परत सरांकडं मोजला. ग्राइंडवाला चांगला होता, माप बरोबर निघालं, पण मोजल्याशिवाय बसवायचा नाही हे आम्हाला एसटीत शिकवलंय.

रिंगांचं तसंच. नवी रिंग डब्यातून काढून सरळ पिस्टनवर चढवतात लोकं. ती आधी लायनरमधी एकटी सोडायची, पिस्टननं सरळ ढकलून बसवायची, आणि तोंडाची फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची. फट कमी असली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकाला भिडतात आणि लायनरला ओरखडे, जास्त असली तर पुन्हा बॅक कॉम्प्रेशन. मग चढवताना तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. फिलर गेज कुठं महाग असतो ओ, पण कित्येक मिस्त्रींच्या पेटीत नाही.

हेडचे बोल्ट टाईट करताना आपल्याकडं पान्याला पाइप घालून दोघं जण लोंबकळतात, जेवढा घट्ट तेवढा भारी. बोल्ट हा ताणला जातो, ठराविक ताणापर्यंत तो स्प्रिंगवानी धरून ठेवतो, त्याच्या पुढं गेला की मऊ पडतो आणि धरत नाही, मग सहा महिन्यात हेड पॅकिंग जातं आणि लोकं म्हणतात पॅकिंग डुप्लिकेट होतं. मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेर बाहेर जायचं, एकदम नाही तर तीन टप्प्यात, आणि टॉर्क पान्यानं. टॉर्क पाना पण आम्ही सरांच्याच कृपेनं आणला, सही करून. दोस्ताचा बारका पोरगा बारावीला आहे, त्याला पान्याचा क्लिक वाजला की थांबायचं एवढं काम दिलं, त्यानं एकही बोल्ट चुकवला नाही.

टॅपेटचं, म्हणजे वॉल्वची फट लावायचं, फार लिहीत नाही.

टर्बोचं मात्र ड्रायव्हर लोकांसाठी लिहिणं भाग आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो बसलेला असतो निस्त्या ऑइलच्या पातळ थरावर. आपल्याकडं गाडी बंद करायची पद्धत काय, धाब्यावर लावली की शेवटचा एक जोरात रेस मारायचा आणि बंद करायची, काहीतरी शान वाटते. रेस मारली की टर्बो वेगात आला, इंजिन बंद केलं की ऑइल पंप बंद पडला, आणि तो शाफ्ट कोरडाच फिरत राहिला. वर पुन्हा आतलं उरलेलं ऑइल गरमीनं जळून कोळसा. दोन तीन मिनिटं हळू चालू ठेवून मग बंद करा एवढंच आहे, पण हे सांगितलं की ड्रायव्हर हसतात.

आणि पाणी. मराठवाड्यात बोअरचं पाणी किती जड आहे हे बायकांना विचारा, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तेच पाणी आपण रेडिएटरमधी ओततो. तोच थर लायनरच्या भोवती आणि हेडच्या आत बसतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही, काटा नॉर्मल दाखवतो आणि आत हेड तडकतं. ह्या गाडीच्या ब्लॉकमधून आम्ही ओंजळभर खपली काढली. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमधी मिसळून टाका, निदान बोअरचं तरी टाकू नका. जळकं ऑइल ओढ्यात ओतायचं पण बंद करा, ते भंगारवाला विकत नेतो, तेवढे पैसे तरी येतात.

घरी काम करताना जीव जाऊ शकतो अशा जागा आहेत, त्या लपवणार नाही. इंजिन चार पाचशे किलोचं धूड, ते निंबाच्या फांदीला साखळी टाकून उचलणारे मी बघितलेत, फांदी आवाज न करता तुटते. आम्ही लोखंडी घोडी आणि चेन पुली भाड्यानं आणली. केबिन नाहीतर गाडी जॅकवर असताना खाली सरपटायचं नाही, लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय नाहीच नाही. चालू गाडीत नोझलची नळी लिकेज आहे का हे बोट फिरवून बघायचं नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बाहेरून निस्तं टाचणी टोचल्यावानी दिसतं, तसं झालं तर दवाखान्यात पळायचं, बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघायचं. आणि पहिल्यांदा चालू करताना एक जण प्लायवूडची फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा पाहिजे. डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑइल ओढून पिसाळतं, चावी बंद करून थांबत नाही, हवा बंद केली तरच थांबतं. फळीच का, तर हात धरला तर हात ओढला जातो आणि फडकं धरलं तर फडकं आत जातं. आम्ही आधी डिझेल बंद ठेवून निस्ता सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा नवा काटा हलला तेव्हा डिझेल सोडलं. फळी लागली नाही.

निकाल विचाराल तर निळा धूर गेला, पीयूसी पहिल्या फटक्यात निघाली, घाटात एक गिअर वर चढते. लई काही रॉकेट झाली नाही, व्हायचीही नव्हती. पहिले हजार दीड हजार किलोमीटर हाफ लोडवर चालवली, सीझन नव्हता म्हणून जमलं.

एक गोष्ट दोस्ताशी भांडून कबूल करून घेतली ती म्हणजे माल जास्त भरायचा नाही. २०१८ च्या जुलैत केंद्रानं दोन अॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून साडेअठरा टन केलं, ते ऐकून लोकांनी मनानंच आणखी पाच टन जोडले. पण तुमच्या आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जे लिहिलंय ते वजन. पॉवर वाढली की चढाला मजा येते, उताराला तीच गाडी, तेच ब्रेक, तेच ड्रम. धारूर घाट चढायचा असतो तसा उतरायचा पण असतो आणि ऊसाच्या गाड्या कशा भरतात ते तुमच्याच पेपरात दर सीझनला फोटो येतात. इंजिनावर लाखभर खर्च करून ब्रेक लायनर न बघणारा मालक दिसला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवर जे आहे आणि कंपनीनं जे दिलंय त्याच्यात बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मधी हेच सांगितलंय. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणं मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार दंड नाहीतर सहा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आम्ही तेच इंजिन, तोच नंबर, कंपनीचंच माप ठेवलं म्हणून आम्हाला काही अडचण नव्हती. पण भंगारातून दुसरं इंजिन आणून टाकणारे आहेत, त्यांना वाटतं त्याच कंपनीचं आहे मग काय. नंबर बदलला ना, मग मंजुरी पाहिजे आणि चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद पाहिजे, आणि ते इंजिन कुणाकडून घेतलं त्याची पक्की पावती पाहिजे, नाहीतर चोरीचं निघालं तर तुम्ही आत. विमा कंपनी तर बसलेलीच असते बोट ठेवायला. आमच्या शेजारच्या गावातला एक जण हे विचारायला एका कार्यालयात गेला (कोणत्या ते लिहीत नाही), एका खिडकीनं सांगितलं फॉर्म भरा, दुसऱ्या खिडकीनं सांगितलं असं होतच नाही, बाहेरच्या एजंटानं सांगितलं दहा हजार द्या सगळं होतं. तो घरी आला आणि नंबर न चढवताच गाडी चालवायलाय. आता ह्याच्यात सापळा कुणी लावला?

नव्या बीएस सिक्सच्या (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांना मात्र घरी हात लावू नका, त्यात कॉमन रेल (फार जास्त दाबाची डिझेलची नळी) आहे, कॉम्प्युटर आहे, धूर साफ करायचं युरियाचं पाणी आहे. ते युरियाचं काढून देतो, बारकी डबी बसवून कॉम्प्युटरला फसवतो म्हणणारे आता हायवेच्या कडेला बोर्ड न लावता बसलेत. त्यांच्यावर कारवाई करा म्हणून बातमी छापा, मी स्वतः कात्रण काढून ठेवीन.

आता मागणी. मराठवाड्यात बहुतेक तालुक्याला सरकारी आयटीआय आहे, कितीतरी ठिकाणी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे, आणि त्या ट्रेडला मायक्रोमीटर, बोअर गेज, टॉर्क पाना हे असावंच लागतं. ही हत्यारं आठवड्यातले किती तास कपाटाच्या बाहेर असतात? महिन्यातले दोन रविवार तरी ती लॅब गाडीमालकांना आणि गावच्या मिस्त्रींना फी घेऊन उघडी करा. क्रँक आणा, ब्लॉक आणा, मोजून कागदावर माप लिहून सही शिक्क्यानिशी द्या, त्याची दोनशे पाचशे काय असंल ती फी घ्या. पोरांना पण खऱ्या घासलेल्या क्रँकवर हात बसंल, आत्ता ती बिचारी तोच एक रंग दिलेला कापलेला इंजिनाचा मॉडेल बघून पास होतात. टॉर्क पाना डिपॉझिट घेऊन भाड्यानं द्यायला काय हरकत आहे? आणि आरटीओचा तालुक्याला कॅम्प असतो, त्या दिवशी एक भिंतीवर मराठीत फलक लावा की इंजिन बदललं तर कोणता फॉर्म, कोणते कागद, किती फी, म्हणजे एजंटाचे दहा हजार वाचतील.

ज्या सरांनी आमचं माप घेऊन दिलं त्यांनी नियमात बसत नसताना, उपकार म्हणून केलं. त्यांचं नाव मी म्हणूनच लिहिलं नाही, उद्या त्यांनाच नोटीस यायची. आणि ज्याची अशी ओळख नाही तो काय करणार, तो अंगठ्यावरच विश्वास ठेवणार. तुमच्या बातमीदारानं आता एकदा आयटीआयच्या प्राचार्यांना आणि आरटीओ साहेबांना हे विचारावं आणि त्यांचं उत्तर छापावं, मग कारवाईची बातमी परत छापायची का नाही ते ठरवा.

कळावे,
एक वाचक (एसटी निवृत्त)
ता. अंबाजोगाई, जि. बीड
(नाव छापू नये)

ता. क. - कुणाकडं ६९७ टर्बोचं कंपनीचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल असलं, मराठी हिंदी इंग्रजी कोणतंही, तर पेपरच्या ऑफिसात कळवावं. आमच्याकडची झेरॉक्स आहे पण त्यात पंपाच्या टायमिंगचं पान ऑइल सांडून काळं झालंय आणि आता गावातल्या आणखी दोघांनी इंजिनं काढून ठेवलीत. झेरॉक्सचा खर्च मी देतो.